ट्रेलरच्या हाडांची जीप

आमच्या जीपनं मान टाकली ती दिंद्रुडला, आक्काच्या सासरच्या दारात, ऐन बाजाराच्या दिवशी. गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी पुष्कळदा मेलो आहे. तलवारीनं मेलो, विषानं मेलो, एकदा तर पडदा अडकला म्हणून दोनदा मेलो. पण इतकं देखणं मरण मला कधीच साधलं नाही.

पंचमी उरकून आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सासरी सोडायला गेलो होतो. दारापुढच्या खड्ड्यात मागचं चाक गेलं, कडाड्‌ असा आवाज झाला आणि जीप बसलेल्या उंटासारखी मागून खाली टेकली. नाक आभाळाकडे. मागं बसलेल्या आक्काच्या मांडीवरचा लाह्यांचा डबा उघडला आणि पंचमीच्या लाह्या भर रस्त्यात उधळल्या. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीनं तर टाळी वाजवली.

आक्काची सासू दुकानाच्या ओट्यावर बसलेली. घरचं किराणा दुकान तीच चालवायची. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून भारदस्त. मी तिला मावशी म्हणायचो.

"काय रं मुराळी," ती म्हणाली, "गाडी दमली का मेली?"

माहेरवाशिणीला आणायला आणि सोडायला जाणारा भाऊ तो मुराळी. ही पदवी मोठ्या मानाची आहे, पण त्या वेळी ती मनाला लागली.

"मावशी, तुमाला नमस्कार करायलीय ती," मी म्हणालो.

"मंग ढुंगणानं कावून करायली? तोंड तर वर हाय तिचं."

बाजार हसला. नाटकवाल्याला दुसऱ्याच्या वाक्याला हशा पडलेला सोसत नाही, पण काय करता! वर मावशी म्हणाली, "फुडल्या पंचमीला यष्टीनं ये बाबा. ही काय आता उठत न्हाई."

आक्का आतापर्यंत खाली वाकून लाह्या वेचत होती. ती एकदम ताठ उभी राहिली. सासूपुढं वर मान करून बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी. म्हणाली, "यष्टीनं म्या न्हाई जायची. जीप आली तर माहेरी जाईन, न्हाईतर पंचमी हितंच."

 मावशी सावकाश उठली, पदर खोचला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा सुरात म्हणाली, "ही गाडी सोताच्या चाकावर माझ्या दारात आली, तर मी सोता हिला ओवाळीन. अन् हिच्यातच बसून तुझ्या माहेरी मुक्कामाला येईन! समद्यांच्या म्होरं बोलते."

बाजार आणखी हसला, कारण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आक्काच्या लग्नात विहिणीचे पाय धुताना आमच्याकडून काहीतरी मागंपुढं झालं होतं. कुणाचे आधी, कुणाचे नंतर. त्या दिवसापासून मावशीनं आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आई-आप्पांनी खूप आर्जवं केली. सुखदुःखाला ती रीतीपुरती यायची, दारातूनच परत फिरायची. तेव्हा 'तुमच्याकडे मुक्कामाला येईन' हे तिचं बोलणं म्हणजे जीप उठणार नाही, याची तिनं दिलेली खात्रीच होती.

मी निघालो तेव्हा आक्का दुकानाच्या मागच्या दारानं आली. हळूच म्हणाली, "बाबा, आई गेली, आप्पा गेले. आता माहेर दारात येऊन उभं ऱ्हातंय, ते ह्या जीपच्या रूपानं. तेवढं बघ." धाकट्या भावाला बाबा म्हणायची आमच्याकडे रीत आहे. पण तिनं तसं म्हटलं की माझ्या अंगावर उगीच मूठभर मांस चढतं.

या जीपबद्दल थोडं सांगायला हवं. ती आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होती. उसाची नोंद घेणारे साहेब तिच्यातून शिवारं तुडवत फिरायचे. कारखान्यानं जुन्या गाड्या काढल्या तेव्हा आप्पांनी ती घेतली, कारण ते सभासद होते आणि सभासदाला आपल्या कारखान्याची कुठलीही वस्तू घरचीच वाटते. बैलगाडीनंतर आमच्या घरात आलेली ती पहिली गाडी. मी तिच्यावर चालवायला शिकलो, ते गावाबाहेरच्या माळावर, एक बाभूळ आडवी करून. आक्काची पाठवणी तिच्यातूनच झाली. त्या दिवशी आरशात बघत मी इतका रडत होतो, की करवलीच म्हणाली, "दादा, रस्ता बघा."

तर अशी ती जीप दिंद्रुडहून आमच्या गावी, तलवाड्याच्या अलीकडे, उसाच्या ट्रेलरवर चढून आली. ट्रेलर होता माझ्या शाळेतल्या दोस्ताचा. हा मिस्त्री आयुष्यभर उसाचे ट्रेलरच बनवत आलेला. आमच्या पंचक्रोशीतून कारखान्याकडे जाणारा निम्मा ऊस त्याच्या वेल्डिंगवर उभा असायचा.

जीप दारातल्या लिंबाखाली उतरवली आणि त्या साली पावसानं जी पाठ फिरवली, ती फिरवलीच. ऊस उभा राहिला नाही. जो होता तो जनावरांच्या छावणीत चाऱ्याला गेला. माजलगावच्या धरणाचं पाणी तळाला गेलं. हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. पहाटे सुटणारा मळीचा वास, ज्याला आम्ही जन्मभर नाकं मुरडली, तो त्या साली यावा म्हणून माणसं नाक वर करून उभी राहायची.

ऊस नाही तर ट्रेलर कशाला? मिस्त्रीचं वर्कशॉप बंद पडलं. उन्हाळ्याच्या तोंडाला एके सकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. जीपकडे बघत राहिला, मिठाईच्या दुकानाकडे बघावं तसा.

"हिला कधी खोलायची बे?"

"माझ्याकडं द्यायला काय न्हाई, गड्या."

"तुला कोण मागायलंय? रिकामा बसून बसून आंगाला गंज चढला माझ्या. काम दे."

अशा तऱ्हेनं आमच्या अंगणात गाडीचा दवाखाना उघडला. आधी बॉडी सोडवली. नट इतके गंजलेले, की पाना लावला की नट न फिरता जीपच हलायची. मग लिंबाच्या फांदीला साखळीची कप्पी बांधून बॉडी वर उचलली आणि खालून चासी मोकळी झाली. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा: दोन लांब लोखंडी बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, बॉडी, माणसं, सगळ्यांचा भार तिच्यावर. बॉडी लिंबाला लटकलेली, खाली तो सांगाडा. गल्लीतली माणसं येऊन गंभीर चेहऱ्यानं बघून जायची. एक म्हातारा तर जाताना हात जोडून गेला.

सांगाड्याच्या पोटात काळी माती निघाली. पेढ्यासारखी घट्ट, मध्ये पाचटाचे तुकडे. साहेबांनी उसाच्या फडांतून जीप फिरवली, त्या वेळचा चिखल आत अडकून बसला होता आणि त्यानंच लोखंड खाऊन चासी मागं मोडली होती. मी बोटांत चुरून बघितली, तर आत चक्क ओल! साऱ्या शिवारात ओल उरली नव्हती, आणि हिनं पोटात दडवून ठेवली होती. मिस्त्री म्हणाला, "तहसीलदाराला सांगू नको. टँकर बंद करतील."

धुवायला पाणी कुठलं? गंज काढला तो कोरड्या नदीतली वाळू, तारेचा ब्रश आणि रॉकेलची चिंधी यांनी. चासी कुठं किती वाकलीय, हे बघायला गवंड्याची नळी आणली. नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघतात, ती. त्यासाठी मी बायकोकडे तांब्याभर पाणी मागितलं. तिनं दिलं. माप झाल्यावर शेजारी येऊन उभी राहिली.

"काय पाहिजे?"

"पाणी."

"अगं, नळीतलं?"

"मंग काय नळी ठिऊन घेणार? वता हंड्यात. भांडी तरी निघतील."

तिचं त्या चासीशी सुरुवातीला वाकडं होतं. पण उन्हात तापलेलं ते लांबलचक लोखंड रिकामं पडलेलं तिला बघवेना. एक दिवस मी बाहेरून आलो तर चासीवर धोतर अंथरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या. मिस्त्री हातात वेल्डिंगचा होल्डर घेऊन कोपऱ्यात बसून होता, कुरडया वाळायची वाट बघत. पुढं गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साइडच्या रंगाचा हात दिला, तो पुरता वाळण्याआधीच बायकोनं दुसरा घाणा घातला. त्या साली आमच्याकडच्या कुरडया एका बाजूनं गुलाबी होत्या. तेवढ्या गाईनंही खाल्ल्या नाहीत.

मोडलेली जागा मिस्त्रीनं झकास सांधली. चीर पुढं पळू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडलं, कडा घासल्या, जोड भरला, वरून जाड पट्टी बसवली. लाईट यायची तेव्हा वेल्डिंग, जायची तेव्हा गप्पा. गप्पाच जास्त झाल्या. मोडलेली चासी उभी राहिली, मी खूश झालो. इथंच थांबायला हवं होतं.

पण मिस्त्रीचे हात बरेच महिने उपाशी होते. मला दोन दिवस गेवराईला जावं लागलं. परत आलो तर चासी ओळखूच येईना. दोन्ही बाजूंच्या पोटात पुढून मागपर्यंत नवं चॅनल, पन्हाळीसारखं जाड लोखंड. आडव्या तुकड्यांच्या मध्ये आणखी आडवे. कोपऱ्याकोपऱ्यात तिरक्या पट्ट्या. मागच्या चाकांवरच्या कमानीत, जिथं धक्के सोसणारे लोखंडी पाटे एकावर एक असतात, तिथं आणखी पाट्यांची भर. ते पाटे ट्रेलरचे होते, हे मला लांबूनच कळलं.

"हे काय केलंस बे?"

मिस्त्रीनं छाती काढली. "दहा टन घाल. वाकली तर नाव बदलीन."

"अबे, आक्का दहा टनाची न्हाई!"

"माल कमी असंल तर चांगलंच हाय की. गाडीला आराम."

बॉडी खाली उतरवली, तर नव्या चॅनलनं जुनी भोकं बुजवलेली. नवी भोकं पाडली. शेवटी बॉडी बसली, इंजिन बसलं, चाकं लागली. जीप पूर्वीपेक्षा उंच दिसत होती, ढुंगण वर करून, भांडायला उभ्या राहिलेल्या एडक्यासारखी. पंचमी तोंडावर आलेली. नारळ फोडला आणि मी आणि मिस्त्री चक्कर मारायला निघालो.

गावाबाहेर पहिला खड्डा आला. त्यातून चाक बाहेर पडलं, पण आम्ही परत सीटवर आलोच नाही, म्हणजे बराच वेळ आलो नाही. जीप टणाटण उड्या मारत सुटली. माझं डोकं टपाच्या नळीला लागलं, मिस्त्रीची टोपी उडाली, मागचं पाने-हातोड्यांचं पोतं एकटंच नाचत खाली उतरलं. छावणीतली बैलं वैरण सोडून बघायला लागली.

गाडी थांबवली. मी काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाला, "बरोबर हाय."

"काय बरोबर हाय?"

"रिकामा ट्रेलर उधळतोच. कुठला बी बघ. भरला की लोण्यावाणी चालतो."

"पण ही जीप हाय!"

तो जरा विचारात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच ही शंका त्याच्या मनात आली असावी. मग खांदे उडवून म्हणाला, "मंग भर की."

आता पाटे काढायला वेळ नव्हता. त्या उन्हाळ्यात गावातला प्रत्येक जण विहीर खोल करत होता. पाणी कुणालाच लागत नव्हतं, पण मुरमाचे ढीग मात्र जो तो राखून होता. माझ्याही विहिरीच्या काठावर मोठा ढीग होता. खताच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरला, तोंडं शिवली, मागं नीट रचली. जीप थोडी थोडी करत खाली बसली आणि खरोखर लोण्यासारखी चालली. पंचमीच्या आदल्या दिवशी मी टोपी घातली, आरशाला हार बांधला आणि मुराळी म्हणून निघालो. माजलगाव मागं पडलं, धरणाची भिंत मागं पडली. जोडाकडे कान लावून चाललो होतो. कुरकुरसुद्धा नाही.

दिंद्रुडच्या बाजारात शिरताना मी हॉर्न दाबला तो दारापर्यंत सोडलाच नाही. खड्डा तिथंच होता, आ वासून. त्यातून चाक घातलं, बाहेर काढलं आणि थेट ओट्याला लावून जीप उभी केली. इंजिन बंद केलं, उतरलो, टोपी काढून मुजरा केला. यालाच प्रवेश म्हणतात.

आक्का दारात आली.  बॉनेटवर हात ठेवला आणि आत पळाली, पिशवी भरायला.

मावशी ओट्यावरून एकटक बघत होती. पण ती जीपकडे नव्हे, मागच्या पोत्यांकडे बघत होती. बाजारवालेही भोवती जमले. ज्या साली घराघरात धान्याच्या कणग्या तळाला गेलेल्या, त्या साली माहेरचा भाऊ गाडीभर पोती घेऊन आलेला!

"बाई बाई, एवढं पाठवलं माहेरानं!" एक बाई म्हणाली.

"ज्वारी असंल," दुसरी.

"गहू हाय गहू. वजन बघ की, गाडी कशी बसलीय."

मावशीचा चेहरा मवाळ होत चालला. आता खरं सांगावं की नाही?  इतके प्रेक्षक, इतका रंगलेला अंक! मी नुसतं नम्रपणे हसलो. तेवढ्यात दाजी, म्हणजे आक्काचे मालक, दुकानातून आले आणि मापाऱ्यानं माल बघावा तसं सहज एका पोत्याला बोट लावलं. शिवण उसवली. पिवळा मुरूम भसाभस रस्त्यावर आला.

बाजार पुढं सरकला. दाजींनी मुरूम हातात घेतला, बघितला आणि अदबीनं विचारलं, "पाव्हणं, हे कशाचं बियाणं?"

आता मात्र हशा असा फुटला, की मागच्या वर्षीचा त्याच्यापुढं काहीच नव्हता. मग मी सगळं सांगितलं. चासी, मिस्त्री, ट्रेलरचे पाटे, टपाला लागलेलं डोकं, सगळं हातवारे करून. जीप रिकामी कशी उडते, ते मी ओट्यावर उड्या मारून दाखवलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण आक्का पिशवी घेऊन दारात उभी होती आणि तिचं लक्ष फक्त सासूकडे होतं. जीप आपल्या चाकावर आली होती, खरं. पण धोंडे भरून. सासूनं 'ही काय आली म्हणायची?' असं म्हटलं असतं, तर आक्काची पंचमी तिथंच संपली असती. आणि तेवढं म्हणायला सगळा बाजार मावशीच्या बाजूनं तयार होता.

मावशी ओट्यावरून खाली उतरली. जीपला एक पूर्ण फेरा मारला. खाली वाकून चासी बघितली, आडव्या तुकड्यावर थाप मारली. मग उभी राहून म्हणाली, "आरती आण गं."

आक्का पळत गेली. मावशीनं बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं, भाकरीचा तुकडा उतरून टाकला. चाकावर पाणी घालायच्या वेळी तांब्या तिरपा केला, विचार केला आणि फक्त बोटं भिजवून चार थेंब शिंपडले. सालच तसं होतं.

"आता ती पोती काढा," ती दाजींना म्हणाली.

"अगं आई, मंग गाडी उधळंल की!"

"काढ म्हणते ना! त्या धोंड्यांपरीस मी जड हाय."

पोती उतरली. दाजींनी ती एकेक करून दारापुढच्या खड्ड्यात रिकामी केली. वर्षभर सगळ्या बाजाराला त्रास देणारा खड्डा माझ्या विहिरीच्या मुरमानं बुजला. मावशी मागं चढली. जीपनं एक दीर्घ श्वास सोडावा तशी मागची बाजू खाली आली. तरी मला शंका होती, म्हणून तिनं जावेलाही हाक मारली आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका चुलत नणंदेलाही. तिघी मागं, आक्का माझ्या शेजारी पुढं, मांडीवर नवा लाह्यांचा डबा. घर येईपर्यंत एक लाही सांडली नाही.

घरी बायको दारात उभी होती. मावशीला बघून तिचा हात पदराकडे गेला, मग हंड्याकडे. टँकर दोन दिवस आला नव्हता. तिनं भरलेला तांब्या आणला आणि मावशीच्या पायांवर निम्मा ओतला. मी मध्ये बोलणार होतो, बरं झालं नाही बोललो. उरलेलं पाणी तिनं प्यायला दिलं. मावशी ते घटाघट प्यायली. तांब्या परत देताना म्हणाली, "आणखी हाय का?"

होतं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. जिथं जीपची बॉडी टांगली होती, त्याच फांदीला झोका बांधला होता. गल्लीतल्या लेकी रांगेनं झोके घेत होत्या. आक्का मला बाजूला ओढून कानात म्हणाली, "बाबा, तू खुळा का शाना? माहेरी येते ती चार दिस सासूपासनं सुटावं म्हणून. अन् तू तिलाच गाडीत घालून आणलीस!" असं म्हणताना ती हसत होती, लहानपणी हसायची तशी, नाक वर करून.

तेवढ्यात झोक्याजवळून मावशीचा आवाज आला. तिची पाळी आली होती. फांदीकडे संशयानं बघत होती.

"मुराळी, फुडल्या वर्षी बी हीच गाडी घिऊन ये."

"आणतो की, मावशी. मिस्त्रीला सांगून ते ट्रेलरचे पाटे तेवढे काढून टाकतो. मंग रिकामी बी झकास चालंल."

"आजिबात काढू नको," मावशी म्हणाली.

"कावून?"

"रिकामी चालाया लागली, तर मला कोण बोलवतंय?" आणि तिनं दोन्ही दोर घट्ट धरून झोका मागं घेतला.